कपाटातल्या बशा

यॅरीन फ्लॅट,
३ मार्च १९९६

चि. ऊना हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. आईचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. काल म्हणाली, माझ्या मयतीनंतरचा चहा आपल्या गावच्या हॉलच्या स्वयंपाकघरातूनच निघाला पाहिजे, आणि त्याबरोबर तुझे कोरडे स्कोन-पाव नकोत.

परवा शहरातून एक मुलगी हॉल बघायला येणार आहे. जुन्या वास्तूंपैकी काय जपायचं, ते ती ठरवते. मागच्या पत्र्याच्या स्वयंपाकघराची लाज नको, म्हणून आम्ही बायकांनी ते सोड्याने घासून काढलं. प्रत्येकीने तिथे ठेवलेल्या कपाटातल्या विजोड बशा, पाठीला चिकटपट्टीवर नावं लिहिलेल्या, जिच्या तिने घरी नेल्या. वारलेल्या बायकांच्या मी आणल्या. आता कसं, सगळं लख्ख आणि रिकामं.

लोभ आहेच, आळस सोडून उत्तर लिही.
तुझी मर्ल


ॲडलेड,
११ मार्च

ती. मर्लताईस,
सा. न. वि. वि. तू घासलंस म्हणजे पत्र्याला भोक पडलं नाही ना? स्कोन मी करीन, असं आईला सांग.

पण ताई, त्या मुलीशी कुणी धड बोललं का? आपली माणसं विचारलं की 'विशेष काही नाही' म्हणतात. हॉलच्या किल्ल्या सांभाळणारा तो डग स्वतःच्या लग्नातही 'चाललंय' म्हणाला होता.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी ऊना


यॅरीन फ्लॅट,
१८ ऑगस्ट

चि. ऊना हिस,
अनेक आशीर्वाद. तुझा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून फोनवर आई गेली एवढंच सांगितलं. बाकीचं आता लिहिते.

तुझी शंका खरी होती. इथे काय काय होतं, असं त्या मुलीने विचारलं. डग म्हणाला, विशेष काही नाही, कधीमधी घोटभर चहा. मी शेजारी उभी होते, मान डोलावली. निकाल आला : दगडी हॉल मोलाचा, मागची खोली नंतरची, वापराची खूण नाही, पाडावी. मी त्यांच्या कचेरीला पत्रांवर पत्रं लिहिली. वापर होता तर तेव्हा का बोलला नाहीत, असं त्यांनी सभ्यपणे विचारलं. जुलैत खोली पाडली.

हॉलला आता कुलूप असतं. आत खाणंपिणं चालत नाही. आईचा चहा आम्ही बाहेर वाऱ्यात, गाड्यांच्या मागच्या फळ्या खाली सोडून, त्यांवर मांडला. तो कोमट होता. सगळे म्हणाले, छान झालं. डग माझ्याकडे बघत नव्हता.

नंतर प्रत्येकीने आपली बशी घरी नेली. आईची मी धुतली, पुसली आणि सवयीने हॉलच्या मागे ठेवायला गेले. तिथे खडी पसरली आहे.

बशी माझ्याकडे आहे. पाय सांभाळ. आता लिहीत जा, इथे मी एकटीच आहे.
तुझी मर्ल