सहावं मत

आई, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तो कुणापुढे काढायचा हेही मला कळत नाही. आज ऑफिसात एक मुलगी आली होती. नुकतीच फेलोशिप मिळालेली, वर्षभर सरकारी खात्याबरोबर काम करायला निघालेली. माझा जुना अहवाल वाचून आली होती. म्हणाली, "मॅडम, तुमच्या अभ्यासातल्या सरपंच बाई शेवटी का हरल्या?" मी पाण्याचा पेला उचलला आणि विषय बदलला. काय सांगणार होते? तू हरलीच नव्हतीस. तू पहाटे उठून, एसटी धरून, स्वतःचा पराभव घरी घेऊन आलीस.

तुला आठवत असेल, मला त्या फेलोशिपमध्ये मंत्रालयात बसायचं होतं. कायद्याची पदवी हातात होती, फाइल कशी हलते ते जवळून बघायचं होतं. पण आमच्या मार्गदर्शक बाईंना कळलं की माझी आई महिला राखीव जागेवरून सरपंच झाली आहे, आणि त्यांचे डोळेच चमकले. "तू शहापूर तालुका घे. घरची मुलगी, लोक तुझ्याशी मोकळं बोलतील." म्हणजे सगळे दिल्ली-मुंबईला आणि मी माझ्याच गावाला, शेणव्याच्या पुढे, जिथं तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि आपल्या बाया मार्चपासून हंडा घेऊन फिरतात. वर बाईंनी बजावलं होतं, निरीक्षकानं फक्त बघायचं, मधे पडायचं नाही. मी वही घेऊन ग्रामपंचायतीत बसले की तू सगळ्यांना सांगायचीस, "ही माझी पोरगी, पण आता सरकारची हाय. तिच्यापुढं नीट बोला."

तू सही करशील आणि बाकीचं उपसरपंच बघतील, असं गावानं गृहीत धरलं होतं. उपसरपंचांची वीटभट्टी, निम्म्या गावाचं पोट तिथं. त्यांना आलेल्या निधीतून समाजमंदिर हवं होतं. तू म्हणालीस, आधी वरच्या वाडीला विहीर. वाडीतली मावशी, तुझी मैत्रीण, तीही सदस्य होती. लहानपणापासून तिला मी मावशीच म्हणते. दोघींनी मिळून ठराव रेटला आणि विहिरीचं काम सुरू झालं. मी वहीत लिहिलं, 'नेतृत्वाचं उत्तम उदाहरण'. महिन्याभरात तुझ्यावर अविश्वासाची नोटीस आली.

मग मी निरीक्षक राहिले नाही. कशी राहणार होते? ओट्यावर तू भाकऱ्या थापत होतीस आणि मी पोळपाटावर तांदूळ मांडून तुला कायदा शिकवत होते. सात सदस्य. महिला राखीव जागेवरची बाई सरपंच असेल तर तिला काढायला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे आपल्याकडे सहा. तुझं मत सोडलं तर उरतात सहाच. पाच उपसरपंचांकडे. राहिली मावशी. "ती सभेला आली नाही, तरी ठराव पडतो," मी म्हटलं. "तिला लेकीकडे मुरबाडला पाठव." तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "बरं." एवढंच. मला वाटलं, समजलं तुला. मीच मावशीला मुरबाडच्या एसटीत बसवलं, खिडकीतून हात हलवला. परतताना मी इतकी खूश होते की अहवालाचं शेवटचं प्रकरण मनात लिहूनही झालं होतं.

सभेच्या दिवशी तू घरात नव्हतीस. वाटलं, देवळात गेली असशील. मी पंचायतीत जाऊन बसले. तहसीलदार साहेब आले, सदस्य आले, उपसरपंच सारखे दाराकडे बघत होते. आणि दारातून तू आत येतेस, तुझ्या मागून मावशी. तिच्या हातात अजून पिशवी आहे. मी उभी राहिले. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, खुर्चीवर जाऊन पदर सारखा केलास. साहेबांनी ठरावाच्या बाजूनं हात वर करायला सांगितले. पाच वर गेले. मावशी खाली मान घालून बसलेली, हात मांडीखाली दाबून धरलेला. मग तू तिच्या कानाशी वाकलीस, पण तुझा आवाज कधी हळू होता? सगळ्यांनी ऐकलं. "कर गो वर. हातच हाय, दगड नाय." मावशीनं रडत रडत हात वर केला.

घरी येऊन मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. तू ऐकून घेतलंस आणि चुलीत लाकूड सारलंस.

"का आणलंस तिला?"

"तिच्या घरवाल्याला सांगितलंय त्यांनी. ती आली नाय तर घरातल्या एकाला पण भट्टीवर घेणार नाय. तिला रायचंय ना गो इथं."

"आणि तुला?"

"मला कोण हाकलतंय?"

मी म्हटलं, ही धमकी आहे, तक्रार करू, शहापूरला वकील आहेत, कलेक्टरांकडे जाता येतं. तू म्हणालीस, "जेवून घे." या दोन शब्दांवर आजही माझं डोकं तापतं. अख्खा कायदा तुझ्या पायाशी आणून ठेवला होता मी, आणि तू ताट वाढायला घेतलंस. मुंबईला बाईंनी विचारलं तेव्हा मी लिहून दिलं, 'सामाजिक दबावामुळे पद सोडावं लागलं'. त्यांना ते पटलं. मला नाही पटलं. तुला कुणाचा दबाव कधी कळला होता?

विहीर पुरी झाली, कारण निम्मी खणून झालेलं काम कुणाला बुजवता येईना. तिच्यावरच्या फरशीत उपसरपंचांचं नाव आहे. तू उद्घाटनाला गेलीस, पेढा खाल्लास आणि येताना माझ्यासाठी एक पदरात बांधून आणलास. मी तो खाल्ला नाही.

तुझ्या दहाव्याला मावशीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "मुरबाडवरून येताना मी तिला बोलले, पोरीला तरी सांग. तर ती बोलते, तिला नको सांगू. ती कायदा काढील, आणि बरोबरच काढील. मग मला नाय म्हणता येणार नाय." मी तिथंच पायरीवर बसले. इतकी वर्षं मला वाटायचं, माझं शिक्षण तुला कळलंच नाही.

तुला अक्षरं जुळवून आपलं नाव लिहिण्यापुरतीच येत. पत्र आलं की माझ्यासमोर धरायचीस आणि मी वाचून दाखवायचे. म्हणजे हे पत्रही वाचायला मीच, म्हणून धाडायचा प्रश्नच येत नाही. एकच गोष्ट कबूल करते. तू खुर्ची सोडलीस याचा राग कधीच निवला होता. राग याचा आहे, की तू मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी तुला अडवलं असतं, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी विचारायला हवं होतंस.