शेवटच्या प्रकरणाला टाका

अकोला,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आईंस,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते, कारण ठीक नसलात तरी तुम्ही कुठं सांगणार आहात? गुडघा कसा आहे? पायाचं मशीन सोडा आणि मोटरचं घ्या, हे मी लग्न झाल्यापासून सांगत आले. आता समोर बसून सांगता येत नाही म्हणून कागदावर सांगते.

फोन का करत नाहीस, असं म्हणाल. जूनमध्ये एकदा केला होता, आठवतं ना? दोघी नुसतं 'जेवण झालं का, पाणी आलं का' करत राहिलो. मग तुमच्या मागून कुलदीपचा आवाज आला आणि मी फोन ठेवून दिला. कागदावर मागून कोणाचा आवाज येत नाही. तुमच्या शेजारच्या बेबीताई रोज गाडीनं अकोल्याला ऑफिसला येतात, त्यांच्याच पिशवीतून हे येईल. सोबत एक पुस्तक आहे. त्याचं शेवटी सांगते.

लॅबमधली नोकरी बरी चालली आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी अनुपच्या पोरीचा अभ्यास घेते. भाऊ-वहिनी काही कमी पडू देत नाहीत. परवा लॅबमधल्या काउंटरवरच्या मुलीला मी आपल्या 'कक्षा नऊ' सीरियलची सगळी गोष्ट सांगितली. ते भरकटलेलं यान, कॅप्टनबाई, तुमचा लाडका म्हातारा मेकॅनिक, आणि तुम्ही ज्याचं नाव टिनपाट ठेवलं तो यंत्रमानव. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, यात सासू-सून नाहीत का?" मी म्हटलं, "यात नाहीत, बघणाऱ्या आहेत." तिला काही कळलं नाही. मला मात्र तुमची इतकी आठवण आली की डबा तसाच घरी परत आणला.

आता भांडते. तिसरा सीझन दिवाळीत आला, हे मला माहीत होतं. मी पाहिला नाही. अनुपकडे मोठा टीव्ही आहे, रविवार मोकळा असतो, तरी नाही पाहिला. दुसऱ्या सीझनच्या शेवटी कॅप्टनबाई यानाबाहेर राहिली, दार बंद झालं आणि आपण दोघी तोंडात मारल्यासारख्या बसलो होतो. मी म्हणाले टिनपाट तिला आत घेईल. तुम्ही म्हणालात, "नाही येत ते वापस, तिच्या खुर्चीत दुसरी बसवतीन." त्यावरून दोन दिवस वाद झाला, भाजी करपली. त्या दाराचं पुढं काय झालं, याची मी दीड वर्ष वाट पाहिली आणि सीझन आल्यावरही बघितलं नाही. कारण नियम तुमचाच: एकटीनं बघायचं नाही.

आणि शुक्रवारी बेबीताई तुमच्याबद्दल सांगतात, शकुनताईंकडे सुटीच्या दुपारी कधीही जा, तेच यानाचं पाहत असतात. दिवाळीत कुलदीपही सोबत बसला होता म्हणे.

आई, खरं सांगते. मे महिन्यात कोर्टात पहिली सही मी एका झटक्यात केली. अनुपला वाटलं होतं मी कोसळेन, तो पाण्याची बाटली घेऊन उभा होता. काही झालं नाही. पण बेबीताईंचं ऐकून मी लॅबच्या फ्रीजपाशी जाऊन रडले. नवरा सोडताना न रडणारी बाई सीरियलपायी रडते, आहे की नाही मजा.

कुलदीपवर माझा राग नाही. तो वाईट माणूस नाही. नागपूरहून शनिवारी यायचा, मी वाढायची, तो जेवायचा, 'छान झालं' म्हणायचा. पण तो यायच्या वाटेकडे माझे डोळे कधी लागले नाहीत, आणि माझ्याकडे त्याचे नाही. मला संध्याकाळी घरी पोचायची घाई व्हायची ती तुमच्यामुळे. तुम्ही मशीनवर ब्लाउज शिवताना मी मोठ्यानं पुस्तक वाचायची, आणि तुम्ही मध्येच मशीन थांबवून म्हणायचात, "त्या यानात भाकरी कोन करते, हे एकही लेखक सांगत नाही."

ते पहिलं पुस्तक आठवतं? मी शेवटचं प्रकरण स्वयंपाकघरात चोरून वाचलं होतं आणि चहा घेऊन बाहेर आले. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालात, "डॉक्टर मरते ना?" त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाला सुईनं टाका घालायला लागलात. दोघी सोबत बसलो की मगच कात्री. टीव्हीचा रिमोट तांदळाच्या डब्यात. माझ्या मैत्रिणी सासूपासून सोनं लपवायच्या, आणि आपल्याकडे गोष्टींचे शेवट लपवून ठेवलेले.

बरं. किती फिरवू?

वीस तारखेला, गुरुवारी, शेवटची तारीख आहे. तुम्हाला माहीत असेलच. अमरावतीलाच यायचं आहे. अकरा वाजता आत, आणि वकीलसाहेब म्हणाले, जेवणाच्या सुटीआधी मोकळे. मोकळे हा त्यांचा शब्द. अनुप म्हणतो, "ताई, तिथून तडक स्टँडवर यायचं. आता त्या घराशी संबंध ठेवायचा नाही, त्यांनाही अवघड आणि तुलाही." माझ्या भल्याचंच सांगतो. वहिनीही तेच मानते. जगाची रीत तीच आहे. नवरा गेला की सासू कशी राहील?

हे मला समजतं. मला फक्त एवढं समजत नाही की एकवीस तारखेला रस्त्यात तुम्ही दिसलात तर मी हाक काय मारायची. 'आई' म्हणायचा हक्क राहत नाही. 'शकुनबाई' माझ्या तोंडून निघणार नाही. 'काकू' म्हणण्यापेक्षा मी रस्ता बदलीन.

म्हणून पुस्तक पाठवते आहे. 'शनीवरची विहीर'. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी निघाले तेव्हा बॅगेत कपड्यांसोबत चुकून आलं. तुमचा लाल दोऱ्याचा टाका तसाच आहे, मी हात लावला नाही. विहीर खोदणाऱ्यांना पाणी लागतं की नाही, हे तुम्ही एकट्यानं वाचा. टाका तुम्हीच उसवा. मला सांगितलं नाही तरी चालेल.

तिसरा सीझनही पाहून घ्या. आता नियम कशाला.

गुडघ्याला तेल लावत जा.

अजून अकरा दिवस तुमची सून,
दीपमाला


अमरावती,
१२ नोव्हेंबर, बुधवार

चि. दीपमालाले,
जय भीम आन लय आशीर्वाद.

बेबीनं तुहं पत्र आन पुस्तक सोमवारी रात्री आनून देल्लं. दोन दिवस लागले मले लिहाले, काहून का पह्यल्या दिवशी नुसता राग येऊन राहिला होता. मले तुह्यासारखं शुद्ध येत नाही. बोलते तसंच लिहून राहिली, हासू नको.

गुडघा दुखते. हे सांगतलं, झालं समाधान?

आता तुह्या भांडनाचं. दिवाळीत कुलदीप आला होता. त्याले वाटलं आई एकटी बसते, तिचं मन रमवा. त्यानंच तिसरा सीझन लावला आन तुह्या जागेवर बसला. दोन मिनिटं झाले नाही त विचारते, "आई, हा कोन?" म्या म्हटलं, टिनपाट. "हा चांगला का वाईट?" म्हटलं, बाबू, पाह्य ना. मंग म्हनते, "हे लोकं खाली काहून नाही पडत?" आता याले मी कुठून सुरू करू? पोरगं इंजिनेर झालं, पन गोष्ट कशी पाहाची ते नाही शिकलं. थोड्या वेळानं घोरून राहिला. म्या टीव्ही बंद केला. दार उघडलं का नाही, मलेही मालूम नाही. तुही शपथ.

आन दुपारचं म्हनशील त दुपारी मी पाहते ते जुनेच भाग, पह्यला सीझन. पाहेल भाग पाहाले मनाई हाये का? बाजूले कोनी असल्यासारखं वाटते. बेबीले काय, यान दिसलं का तिच्यासाठी सगळं एकच. ते त जाहिरातीतलं विमान पाहूनही म्हनते, "शकुनताई, तुमची सीरियल लागली."

तुले रडू आलं म्हनते. मले नाही येत असं वाटते का तुले? तू गेली त्या दिवशी म्या एका बाईच्या ब्लाउजाले दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. एवढ्या वर्षाच्या शिलाईत असं कधी झालं नव्हतं. बाई हासून राहिली आन मी तिच्यावरच कावली.

अजून एक हाये. तू विचारलं नाही, पन दुसऱ्याच्या तोंडून ऐकशीन त्याच्यापेक्षा मीच सांगते. कुलदीपसाठी धामनगावची एक पोरगी सांगून आली हाये. कोर्टाचं झाल्यावर पाहाले जातीन. माह्या नंदेचा जोर हाये. म्या नाही म्हटलं नाही. त्याचंही आयुष्य हाये. कोनी आली त तिले भाकर देईन, माया देईन, तिचं काहीच वाईट करनार नाही. तिले पुस्तकं आवडले त तिच्यासंगही वाचीन. पन तुही जागा रिकामी हाये म्हनून तिले देल्ली, असं होनार नाही. दीवान मोठा हाये, तिघी बसतात.

वीस तारखेले मी कोर्टात येनार नाही. कुलदीपलेही सांगून देल्लं. त्याच्या बाजूनं उभी राहिली त तुले वाईट, तुह्या बाजूनं राहिली त पोराले वाईट. मी घरीच राहीन.

आता नीट आयक. वकिलाचा तो कागद कुलदीपनं घरी ठेवला होता. म्या चष्मा लावून वाचला, एकदा नाही, दोनदा. त्याच्यात कुलदीपचं नाव हाये, तुहं नाव हाये, लग्नाची तारीख हाये, बुद्धविहाराचं नाव हाये. माहं नाव कुठंच नाही. मंग वीस तारखेले माहं काय सुटून राहिलं? म्या कुठं सही केली? मले कोनी विचारलं का?

अनुपले म्हनाव, तुह्या ताईचं भलं पाहून राहिला, चांगलं हाये. म्याही माह्या पोरीले हेच सांगतलं असतं. पन दीपमाला माह्या घरी येईन ते सून म्हनून नाही, पुस्तक पुरं करासाठी येईन. त्याले रीत कोनती लागते? तू वापस नांदाले ये, असं मी म्हनत नाही. कुलदीपसंग नाही जमलं, ते माह्या डोळ्यानं पाहिलं हाये. मले फक्त तू पाहिजे.

आता पुस्तक. ते पिशवीतून निंघालं तेव्हा डोकं फिरलं माहं. मी उसवू? एकटी? विहिरीले पानी लागलं त सांगू कोनाले, बेबीले? तुह्या पत्राची शेवटची ओळ वाचली आन मशीनवर बसली. माह्या त्या लाल टाक्याच्या वरतून पुऱ्या प्रकरनाले मशीनची शिलाई मारली, तिन्ही बाजूनं. पायाच्याच मशीनवर. एक सुई मोडली. आता ते प्रकरन चाकूनं नाही निंघत, दोघीले बसून उसवाच लागते. एकीनं धराचं, एकीनं धागा वढाचा.

गुरुवारी कोर्टातून सुटली का आटो कर आन इकडं ये. कुलदीप तिथूनच नागपूरले जाईन. त्याले म्या काल फोनवर सांगतलं का दीपमाला घरी येनार हाये. म्या समजत होती चिडीन. नाही चिडला. मंग फोन ठेवता ठेवता म्हनते, "आई, तिले पातोडीचा रस्सा आवडते ना?" म्हटलं, हो. "मंग कर." पोरगं वाईट नाही माहं, तू म्हनते तसंच.

त पह्यले रस्सा, मंग विहीर, मंग तिसरा सीझन पह्यल्या भागापासून. एका दिवसात होत नाही, शुक्रवारी सुट्टी काढ. रिमोट तांदळाच्या डब्यातच हाये, तू ठेवला होता तिथंच. कॅप्टनबाईच्या खुर्चीत दुसरी बसली का नाही ते पाहू. म्या हारली त तू म्हनशीन ते कबूल. मोटरचं मशीनही कबूल.

आन हाक काय माराची म्हनून झोप नको खराब करू. 'आई' म्हनशीन त ओ देईन. 'काकू' म्हनशीन त ओ देईन. 'शकुनबाई' म्हनशीन त पह्यले शिव्या देईन आन मंग ओ देईन. नुसती रस्ता बदलू नको.

तू म्हनशीन ते,
तुही शकुन