परत म्हणणारं कोणी नाही

ताई,

मोठ्या कॅमेऱ्यावर राबणाऱ्या आपल्यासारख्यांची तक्रार एकच: फोटोचं कौतुक होतं, नोंदी ठेवणाऱ्याला कोणी विचारत नाही! वैतागून तू दूर नोकरी धरलीस, ते बरोबरच केलंस.

आज पुलाचा फोटो घेताना मी काळ्या कापडाखालून सवयीने ओरडलो, "भिंगाचं छिद्र बावीस, अर्धा सेकंद!" तू आकडा परत म्हणून लिहायचीस आणि टोमणा मारायचीस, "आता फिल्म बदला, महाराज!" आज कोणीच बोललं नाही. नोंद करायची राहिली, फिल्मही तीच राहिली. घरी येऊन तिच्यावरच तुझ्या खोलीचा फोटो घेतला. धुतली तेव्हा पूल तुझ्या रिकाम्या पलंगावरून गेलेला.

हे पत्र मी टाकणार नाही. तरी सांगतो: रविवारी ये आणि माझा आकडा मोठ्याने परत म्हण.

तुझा धाकटा