पट्टीवरची तिसरी ओळ

बाई,

मी एक गाडी घेतली. तुम्हाला सांगण्यात फारसा अर्थ नाही हे मला कळतं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि होतात तेव्हाही वाहनांचे दोनच प्रकार तुम्हाला मान्य होते, वेळेवर येणारं आणि न येणारं. ही तिसऱ्या प्रकारातली आहे, ती हलतच नाही. पन्नाशी ओलांडलेली, दोन दारांची, अमेरिकेत बनलेली. इंजिन एकीकडे, दारं दुसरीकडे आणि मधला सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर. आणि हे सगळं सिंगापुरात, जिथे आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये सायकल ठेवायलासुद्धा बायकोची लेखी परवानगी लागते. गाडीसाठी एका मित्राच्या गोदामातला कोपरा मागून घेतला. दिवसा मी वन-नॉर्थला ऑफिसात दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासतो, शनिवारी या सांगाड्यासमोर स्टूल टाकून बसतो.

ही गाडीच का, ते सांगतो. त्या काळी गाडी नोंदवताना गिऱ्हाईक यादीतून हवं ते निवडायचं: रंग, गिअर, इंजिन. त्या यादीत एक चीज अशी होती की ती फार थोड्यांनी मागितली. बॉनेटच्या मधोमध एक झडप. चालकाने डॅशबोर्डखालची कळ दाबली की झडप वर उठते, तिच्या कडेला रंगवलेले दात दिसतात आणि इंजिन थेट समोरची हवा ओढतं. ‘म्हणजे गाडीला नाक आहे,’ बायको म्हणाली. आहे. पण साध्या गाडीला मागाहून नाक बसवणारेही पुष्कळ. तुमच्या भाषेत, प्रक्षिप्त. मूळचं कुठलं आणि घुसडलेलं कुठलं, हे ठरवायला मुख्य साधनं दोन. इंजिनाशेजारी स्क्रूने बसवलेली पत्र्याची पट्टी, जिच्यावर कारखान्याने त्या गाडीचे संकेत ठोकलेले असतात. आणि त्याच संकेतांचा कागद, जो कामगार कधी कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खुपसून विसरून जात. पट्टी नकली बनवून मिळते. कागद सहसा उरतच नाही, कारण उंदरांना तो पोथ्यांइतकाच रुचतो.

पोथ्यांवरून तुमची खोली आठवते. मी एकोणीस वर्षांचा आहे, तुमच्या हाताखाली शिकतोय, आणि आपण पोथ्या ताडून पाहतो आहोत. एकाने एक पोथी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने दुसरीवर बोट ठेवून पुढे सरकायचं, फरक आला की थांबायचं. वाचणाऱ्याने चाल लावायची नाही आणि शहाणपणही करायचं नाही. मी वाचतोय. एका जागी वाळवीने अर्धी ओळ खाल्ली आहे, पण श्लोक मला पाठ आहे, मी न अडखळता म्हणून जातो. तुमचं बोट थांबतं. ‘काय हो पंडित, वाळवीच्या पोटातलंही वाचता वाटतं?’ मी हसतो. तुम्ही हसत नाही. ‘जे नाही ते आहे म्हणालास. उद्या या अर्ध्या ओळीवर कुणी प्रबंध लिहील आणि त्या बिचाऱ्याला कधी कळायचंही नाही की ती तुझी होती. ऊठ.’ तीन दिवस तुम्ही मला पोथीला हात लावू दिला नाही, कपाटं पुसायला लावलीत. चौथ्या दिवशी माझ्या जागेवर शिंगाच्या मुठीचं एक भिंग होतं. ‘घे. डोळे फुटकेच असतील तर निदान मोठं दिसू दे.’ माया दाखवायची तुमची हीच तऱ्हा.

गाडी विकणारे गृहस्थ सत्तरीपुढचे, चिनी, बुकित पंजांगला राहणारे. इथे वडीलधारा पुरुष म्हणजे अंकल, त्यामुळे नाव विचारायचं राहूनच जातं. गाडी त्यांची नव्हे, थोरल्या भावाची. भाऊ वारला, आणि ज्या गाळ्यात ती इतकी वर्षं उभी होती तो मी बघायला गेलो त्याच संध्याकाळपर्यंत रिकामा करून द्यायचा होता. चार वाजता लॉरी येणार होती, एक तर माझ्याकडे नेणारी, नाहीतर भंगाराकडे. दोन वाजून गेले होते. पत्र्याच्या छपराखाली उकाडा असा की भिंगावर माझाच घाम टपकत होता.

‘माझा दादा, ऑलवेज टॉक बिग,’ अंकल सांगत होते. ‘क्लबात सगळ्यांना सांगायचा, झडप फॅक्टरीची. लोक हसायचे. एकदा सगळ्यांसमोर मला म्हणाला, बंदरावर गाडी उतरवून घ्यायला तू होतास ना, सांग यांना, होती की नव्हती?’

‘मग? होती?’

‘आठवत नव्हतं लाह,’ इथल्या बोलीचं शेपूट लावून ते म्हणाले. ‘मी पण हसलो.’

इतकंच झालं होतं. भाऊ उठून गेला आणि पुढे मरेपर्यंत बोलला नाही. इस्पितळात अंकल जाऊन बसायचे तेव्हा भिंतीकडे तोंड करून निजायचा. ‘म्हणून सांगतो, नीट बघ,’ अंकल म्हणाले. ‘दादा खरं बोलत असेल तर मी विकणार नाही. कुठे ठेवीन माहीत नाही, पण विकणार नाही. खोटं असेल तर घेऊन जा.’

अडचण तुमच्या लक्षात आली असेल. मला गाडी हवी होती ती खरी असेल तरच, आणि मिळणार होती ती खोटी ठरली तरच.

कागद मला सीटखाली सापडला. तपकिरी, चौघडी, एका कोपऱ्याला गंजलेली स्प्रिंग रुतलेली. मी तो उघड्या बॉनेटशेजारी मडगार्डवर पसरला तेव्हा अंकल जवळ आले. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा काढायचा होता. कागदावरचं पुसट टंकन त्यांना दिसणं शक्य नव्हतं. पट्टीवरची अक्षरं मात्र उठावाची. मी म्हणालो, तुम्ही पट्टी बोटाने वाचा, मी कागदावर बघतो. हे मी का म्हणालो असेन? तसंच करायची सवय तुम्ही लावलीत म्हणून. चाळीस वर्षं पानं, टेंडर, जमाखर्च, इतकंच नव्हे, प्रोग्रामसुद्धा मी असेच तपासत आलो आहे.

ते वाचू लागतात. सावकाश, एकेक अक्षर, एकेक आकडा, कसलीही चाल न लावता. तुम्हाला आवडले असते. पहिली ओळ जुळते. दुसरी जुळते, रंगाचा संकेत, गिअरचा संकेत. माझं बोट त्यांच्या आवाजाच्या मागोमाग चाललंय. आणि ते तिसऱ्या ओळीवर पोचायच्या आत माझी नजर पुढे गेलेली आहे, जी जाता कामा नये. कागदावर तिसरी ओळ धडधडीत आहे. तिच्यात झडपेचा संकेत आहे.

‘तिसरी नाही,’ अंकल म्हणाले. त्यांचं बोट पत्र्यावर पुढेमागे फिरत होतं. ‘गंजून गेली. इथे काहीच लागत नाही हाताला.’ मग मान माझ्याकडे वळवून, ‘तुझ्याकडे? यू गॉट?’

छपरावर कुठेतरी पंख्याचं पातं घासत होतं. मी कागदाकडे पाहिलं. संकेत एवढा ठळक होता की भिंगाचीही गरज नव्हती.

‘इथेही तिथेच फाटलंय,’ मी म्हणालो.

बाई, तेव्हा पोथीत जे नव्हतं ते मी आहे म्हणालो होतो, आणि निदान त्यात मला काही मिळायचं नव्हतं.

‘सी?’ अंकल म्हणाले. ‘टॉक बिग.’ हसायला गेले, पण हसू नीट उमटलं नाही. पट्टीवरचं बोट त्यांनी बराच वेळ उचललं नाही. मग खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. इथे मालकी फोनवरच बदलते, विकणाऱ्याने हो म्हणायचं, घेणाऱ्याने हो म्हणायचं. ‘बारीक अक्षरं, मला दिसत नाही. यू प्रेस फॉर मी.’ मी एका हातात त्यांचा आणि एका हातात माझा फोन धरून उभा. अजून वेळ होता. चाराला वीस मिनिटं कमी होती. मी आधी त्यांच्या वतीने हो म्हणालो, मग माझ्या.

आठवडाभर मला गाडीकडे बघवेना. मग कागदाची रंगीत प्रत काढली, लॅमिनेट केली आणि बुकित पंजांगला गेलो. फाटलंय वाटलं ती खरं तर चिकटलेली घडी होती, ती परवा सुटली आणि आतली ओळ दिसली, असं सांगितलं. वाक्य एमआरटीच्या डब्यात तीनदा घोकून ठेवलं होतं. अंकलनी प्रत डोळ्यांजवळ नेली, दूर नेली. ‘वाच,’ म्हणाले. मी तिसरी ओळ वाचली. ‘परत वाच.’ मग त्यांनी ती देव्हाऱ्यातल्या भावाच्या फोटोला टेकवून उभी केली, तीन उदबत्त्या लावल्या आणि पाठमोरे उभे राहून त्यांच्या बोलीत बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. मध्येच थांबायचे, जणू समोरून उत्तर येतंय. मी सोफ्याच्या कडेवर बसून चपला केव्हा घालता येतील याचा विचार करत होतो.

वळले तेव्हा नाक पुसत होते. ‘दुसरा कोणी असता तर आलाच नसता,’ म्हणाले. ‘गाडी तुझीच. मला परत मागता येत नाही, तुलाही त्या दिवशी माहीत नव्हतं. पूर्ण झाली की एकदा घेऊन ये, झडप उघडून दाखव.’ मला जेवायला बसवलं. मासा माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढला, काटे काढून, आणि मी तो खाल्ला.

परवा उतरवून ठेवलेल्या इंजिनाचे पहिले बोल्ट खोलले. काम चांगलं चाललंय. कागद माझ्या कपाटात आहे, मूळ. आणि हे पत्र खरं तर बुकित पंजांगला जायला हवं, हे मला तुम्ही न सांगताही कळतं. पण त्यांना पाठवलं तर ते गाडी परत मागतील, आणि मला ती द्यावी लागेल. तुम्ही मागणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.