दाजींच्या गाडीला छप्पर

तीर्थरूप दाजींना, तुमच्या नव्या गुडघ्याला आणि दुसऱ्यालाही, धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार. आक्काची तब्येत बरी असेल. इथे आई ठणठणीत आहे. पत्र बसूनच वाचावे.

ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे जाताना तुम्ही तुमची उघड्या टपाची जुनी जर्मन गाडी माझ्या हवाली केलीत. कारागिरांनी हातानं घडवलेली, टपाचं कापडही हातानं शिवलेलं, म्हणून नुसती पुसायची, बाहेर काढायची नाही, असं बजावलंत. मी पुष्कळ दिवस नुसती पुसली. पण आईला नृसिंहवाडीला दर्शनाला जायचं होतं आणि आमची गाडी सर्व्हिसिंगला होती. (नव्हती, पण तसं समजा.)

टप मागं पाडून निघालो. लोक हात करत होते, आईही करत होती. हातकणंगल्याजवळ कोंबडखताची ट्रॉली पुढं आली, वारं सुटलं, पुढचं लिहीत नाही. टप ओढायला गेलो तर अर्ध्यात अडकला. पुढं येईना, मागं जाईना. आई तोंडावर पदर घेऊन वाडीला पोचली आणि देवापुढं माझ्याबद्दल बराच वेळ बोलली.

परतताना शिरोलीत चन्नाप्पाच्या वर्कशॉपात गेलो. (माझा शाळासोबती, ट्रॉल्या बांधतो.) कापल्याशिवाय टप निघणार नाही, असं तो म्हणाला. तुम्हाला विचारणार होतो, पण त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या गुडघ्यासाठी भुलीखाली होता. पाऊस तोंडावर आलेला. मी हो म्हणालो. त्यानं वर लोखंडी पत्रा वेल्डिंग करून दिला. हिरवा.

घरी आणून डिकी उघडली, दाजी. आत कापलेलं कापड होतं, एकेक टाका कुणीतरी जीव लावून घातलेला. मी त्याची घडी घालत होतो, तेव्हा आई मागं येऊन उभी राहिली.

"जावई काय बोलायचे न्हाईत, उदय," ती म्हणाली. "तेचीच जास्त लाज वाटतीया."

तुम्ही बोला, दाजी. हवं ते बोला.

तुमचा,
उदयसिंह

ता. क. पाऊस लागला. गाडीत थेंब येत नाही.

आणखी ता. क. आमच्या राजवीरचं, म्हणजे तुमच्या भाच्याचं, लग्न ठरलं. वरातीला उघडीच गाडी पाहिजे म्हणून नवरीकडचे अडून बसलेत. पुण्यात तुमच्या ओळखीत कुणाची असल्यास शब्द टाकावा. न्यायला मी स्वतः येईन. गाडीची काळजी नको.