मागचे दोन टायर

बाबा, तुझ्या पिकअप गाडीला मी ऑल-टेरेन टायर घातले. चारही. तुला हे आवडलं नसतं, म्हणून सगळ्यात आधी तेच लिहितोय. तू होतास तेव्हा त्यांना बटनवाले म्हणायचे. जाड ठोकळे, मध्ये खोल चर, चिखल धरतात आणि फेकूनही देतात. तुझे ते हायवेचे. उभ्या रेघांचे, डांबरावर आवाज न करता पळणारे. दर रविवारी गाडीखाली वाकून त्या रेघांमध्ये अडकलेले खडे तू स्क्रू ड्रायव्हरने एकेक करून काढायचास, लहान पोराच्या पायातला काटा काढावा तसे. माझ्या पायात खराच काटा गेला की म्हणायचास, आईकडे जा.

कैनाडच्या पुढचा आपल्या पाड्याचा चढ अजून तसाच आहे, लाल मातीचा, पावसात लोण्यासारखा. उन्हाळ्यात तुझी गाडी अंगणापर्यंत यायची. पाऊस लागला की ती खाली डांबरी रस्त्याला, आरोग्य उपकेंद्राशेजारच्या पत्र्याखाली उभी राहायची ती थेट दिवाळीपर्यंत. आणि बहुतेक वेळा तूही तिच्यातच झोपायचास, सकाळी वापीची खेप आहे म्हणून. तांदळाची गोण आई डोक्यावर घेऊन चढायची. कुणाची बाई अडली, कुणाला साप चावला, की माणसं धावत तुझ्याकडे यायची आणि तू मान हलवून सांगायचास, टायर हायवेचे आहेत रे, चढत नाहीत. इतक्या हळहळीने सांगायचास की लोकच तुझी समजूत घालायचे आणि बांबूला चादर बांधून झोळी करायला निघून जायचे. एकदा चारोटीच्या टायरवाल्याकडे सगळ्यांसमोर मी म्हटलं, बाबा, बटनवाले घाल ना. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "पाड्यावर काय ठेवलंय रे, गाडी चढवायला?" हवा भरणारे सगळे हसले. पाड्यावर आई होती, बाबा. मी होतो. त्याच आठवड्यात तू मला वापीहून पांढरे बूट आणलेस. पांढरे! हे चिखलात कसे घालू विचारलं तर म्हणालास, डांबरावर घालायचे. डांबरापर्यंत मी ते हातात धरून जायचो.

मग श्रावणात तुला कावीळ झाली. नेमका तेव्हाच तू वर घरी होतास. डोळे हळदीसारखे पिवळे, तोंडाने बडबड, आणि बाहेर पाऊस. तुझ्यासाठी झोळी बांधली. ज्यांना तू नाही म्हणाला होतास तेच खांदा द्यायला आले. मी मागून तुझ्या चपला घेऊन उतरतोय, तीन ठिकाणी घसरून पडतोय. खाली आलो तर पत्र्याखाली गाडी उभी, धुतलेली, टाकी भरलेली. चावी तुझ्याच खिशात. आणि सगळ्या पाड्यात ती चालवता येणारा माणूस एकच, तो झोळीत. काकालासुद्धा तू कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हतास. कैनाडहून कुणाला तरी बोलावलं, तो जेवून आला. डहाणूला पोचायच्या आधी तू गेलास. बायका रडत होत्या आणि मी टायरकडे बघत बसलो होतो. एक खडा नव्हता त्यात.

कॉलेज मी अर्ध्यात सोडलं. हजेरीवरून सर वर्गात बोलले, मी उलट बोललो, गेटबाहेर पडलो तो परत गेलो नाही. नाकावरचा राग एवढीच तुझी इस्टेट माझ्या नावावर आहे, आणि ही गाडी. काका तिच्यावर गाडी शिकला, मग मी शिकलो. त्यानेही हायवेचेच घातले, मीही तेच चालवले, सवयच पडली होती. मग उपकेंद्रात ती आली. नर्स आहे, झरीची. पहिल्या दिवसापासून माझी झोप गेली, जेवण गेलं. काहीतरी दुखतंय म्हणून रोज तिच्यासमोर जाऊन बसायचो.

"काय होतंय?"

"चक्कर येते."

"कधी येते?"

"इथे आलो की."

"मग इथे येऊ नको. पुढचा कोण?"

तरी गेलो. ती चिडायची, नंतर हसायला लागली, नंतर मी आलो नाही तर का नाही आलास विचारायला लागली. मी लग्नाचं बोललो तेव्हा तिने हातातली सिरिंज खाली ठेवली आणि खिडकीतून पत्र्याखाली उभ्या गाडीकडे बोट केलं. "ही पावसात वर जात नाही ना? गाडी इथे उभी, आणि बाई झोळीतून घसरत येतेय. काल आली त्या बाईचं बाळ वाटेतच गेलं. मला रात्रभर तेच दिसत होतं. ज्याची गाडी खाली उभी राहते त्याच्या घरी मी यायची नाही. वर ने, मग माझ्या आईशी बोल." असं बोलणारं माणूस तुला आयुष्यात भेटलं असतं तर बरं झालं असतं.

नेमकं त्याच दिवसांत तलासरीचा एक एजंट मला वापीची रोजची खेप द्यायला तयार होता. अट एकच, टायर नवीन घाल, हायवेचे, गाडी पळाली पाहिजे. म्हणून चारोटीला गेलो. सेठ तोच आहे, आता चष्मा जाड झालाय. दोन्ही टायर भिंतीला टेकवून त्याने विचारलं, "बोल भाय, हायवे की ए.टी., ऑल-टेरेन? हायवेला ए.टी. घालशील तर रडत जाईल, डिझेल पिईल, घासून पण लवकर जाईल. आणि चिखलाचा राजा समजू नको त्याला, नुसत्या चिखलाचे वेगळे येतात. हा मधला माणूस आहे."

मी म्हटलं, चढ चढेल की नाही तेवढं सांगा. तो हसला. "तुझ्या बापाला पण मी सांगितलेलं, मागे दोन बटनवाले टाक, आरामात चढेल. काय बोलला माहितीय? बोलला, सेठ, चढेल म्हणून तर नको. एकदा वर चढली ना, मग ती माझी नाय राहत, पाड्याची होते."

बाबा, मी तिथे उभा होतो आणि माझे कान गरम झाले. एवढी वर्षं मला वाटत होतं की तुला कळलं नाही, किंवा परवडलं नाही. तुला सगळं माहीत होतं. दोन टायरचा प्रश्न होता, मागच्या दोन. तू ते मुद्दाम घातले नाहीस, आणि लोकांसमोर हळहळत राहिलास. आईच्या डोक्यावरची गोण तुला दिसत होती. मी सेठला म्हटलं, चारही घाला. तो म्हणाला, "अरे, मागे दोन पुरे, पुढे हायवेचे राहू दे." मी म्हटलं, चारही. "बापासारखाच," तो म्हणाला, "ऐकायचं नाय." त्याच्या अंगावर जाणार होतो, पण जॅक लावून गाडी वर गेली होती.

तिथून सरळ विवळवेढ्याला देवीपुढे गाडी नेली, टायरखाली लिंबं ठेवली, फोडली, आणि भर पावसात आपल्या चढाला लागलो. एकटा, रिकामी गाडी घेऊन, हिरोसारखा. अर्ध्यावर मागची गांड हलायला लागली आणि गाडी आडवी होऊन बसली. शेतातून लावणी सोडून काकी आणि चार बायका बघायला आल्या. "काय रे, नवीन टायर दाखवायला आणलेस का आम्हाला?" काकी ओरडली. "गाडीला जेवायला नाय घातलंस, हलकी झालीय! चढा गं मागे." बायका चिखलाच्या पायांनी मागे चढल्या, हौद्यात मागच्या चाकांच्या बरोबर वर उभ्या राहिल्या, फळी धरून. वजन पडलं तसे ठोकळे मातीत रुतले आणि गाडी हत्तीसारखी डुलत अंगणात आली. आई दारात उभी होती. पुढे आली, बोनेटवर हात ठेवून उभी राहिली.

त्या आठवड्यातच एक पोर अडली. झरीची ती नर्स उपकेंद्रातून माझ्याबरोबर वर आली, त्या पोरीला घेऊन मागे बसली, आणि उतरताना केबिनची काच ठोकून एकदाच म्हणाली, "हळू." तो शब्द ऐकून मी झरीपर्यंत उडत गेलो असतो. बाळ-बाळंतीण नीट आहेत. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच तिच्या आईशी आमच्या लग्नाचं बोलणं काढलं.

आणि मग सुरू झालं. ताप आला, फोन. गोण आणायची, फोन. शेळीचा पाय मोडला, फोन. तलासरीच्या एजंटने दोनदा वाट बघितली आणि म्हणाला, "तू कायम वर असतोस, मला माणूस खाली पाहिजे." खेप दुसऱ्याला गेली. गाडी माझी राहिलेली नाही, तू म्हणालास तस्संच झालं. पण तू बरोबर होतास असं माझ्या तोंडून निघणार नाही. पुढे काय होणार ते तुला आधीच दिसलं होतं, आणि ते बघून तू पत्र्याखाली जाऊन झोपलास. मी तुला शिव्या देतो त्या त्याच्यासाठी.

हे तुला पोचायचं नाही म्हणून एक लिहितो. काल दुपारी जेवायला बसलो होतो. वरच्या आळीतून फोन आला. फोन वाजत होता आणि मी भात संपवला. मग उचलला, म्हाताऱ्याला दम लागलाय म्हणाले, आणि मी पहिलं काय विचारलं माहितीय? विचारलं, "चालता येत नाही का त्यांना?" नंतर गेलो, आणलं त्यांना खाली उपकेंद्रात. ती धावत बाहेर आली, माझ्याकडे बघून हसली. तिला वाटतं मी पहिल्या रिंगला निघालो. मी तसंच वाटू दिलं.