उपाशी देवी

महाल, नागपूर
श्रावण शु. १४, शके १८५९, शनिवार

चि. कृष्णकांतास आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

पयले आली ती विहीणबाईच. दोन महिने तुझ्या बहिणीच्या खाटेकडं न फिरकलेली तिची सासू, भागीरथाबाई, काल शुक्रवारी कामठीहून पयल्या गाडीनं दवाखान्यात हजर, नवी नथ घालून. नथ तोंडापेक्षा मोठी, पण ते जाऊ दे. मागून व्याही चंपतराव, छत्रीचं पाणी गाळत. मी तेव्हाच ओळखलं, हे पोरीले पाहायले नाही, सोडायले आले. छत्री मिटता मिटता चंपतरावांनी सांगितलं की साखरेच्या रोगाची सून आमच्या घरी नांदणार नाही, पोरासाठी दुसरी पाहून राहिलो. वच्छला भिंतीकडं तोंड करून ऐकत होती. तुमची माय गेल्यापासून हिले मी वाढवलं.

पण देव आहे गा बाबू. त्यांचं बोलणं संपलं नाही तर पोरगी थरथरू लागली. घामानं लुगडं चिंब, केस मोकळे, नजर कुठंतरी भलतीकडंच. जी सासूपुढं मान वर करत नव्हती तिनं सासूले नुसती भागीरथे म्हणून हाक मारली, अन् म्हणाली की मले भूक लागली, खायले दे. विहीणबाईची नथ लटलट कापली. देवी आली म्हणून दोघंही पाया पडले. शुक्रवारच्या पूजेले मी नेलेल्या सामानातून कुंकू लावलं, ओटी भरली, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य तिच्या तोंडात घातला. थोड्या वेळानं देवी शांत झाली अन् पोरगी निजली.

हे उपासाचंच फळ. लग्नानंतरचा पयला श्रावण, म्हणून वच्छलेनं शुक्रवार धरले. डॉक्टर सकाळी सुई देतात, अन् सुईवर खाल्लंच पाह्यजे म्हणतात. पण रोगच साखरेचा, तर उपास चांगलाच नाही का? शुक्रवारचं दवाखान्याचं दूध-भाकर मी बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीले देऊन टाकते. सिस्टरले रिकामं ताट दिसते, ती खूश. शिशीत लघवी अन् औषध घालून उकळतात, तिचा रंग पयले विटेसारखा लाल यायचा, आता निळा येते. निळा म्हणजे साखर नाही. डॉक्टरही खूश.

येत्या शुक्रवारी ते चार लोक घेऊन येणार. देवी आली तर सुनेले घरी नेतो म्हणाले. आनंदानं मले काल घास गेला नाही.

तू मात्र डॉक्टरकीच्या अभ्यासात वेळेवर जेवत जा. आहे तो लोभ उणा होऊ देऊ नको.

तुझी आजी,
प्रयागबाई

मुंबई
२६ ऑगस्ट १९३७

ती. आजीच्या पायांवर डोके ठेवून कृष्णकांताचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र आत्ता मिळाले. उद्याच शुक्रवार, म्हणून तारही करतो आहे.

आजी, रागावू नकोस. ती देवी नव्हती. सुई रक्तातली साखर खाली ओढते. पोटात अन्न असले तर ठीक, नसले तर साखर उतरतच जाते. मग घाम, कंप, भलतेच बोलणे. त्यापुढे झटके, बेशुद्धी, मरणसुद्धा. गुळाने देवी शांत झाली नाही, वच्छलाची साखर वर आली. निळा रंग म्हणजे लघवीत साखर नाही एवढेच. रक्तात ती किती खाली गेली, ते शिशी सांगत नाही. आमच्या वॉर्डातली एक बाई गेल्या महिन्यात अशीच गेली. ती सकाळपासून उगाच चिडत होती, असे तिचा नवरा नंतर म्हणाला. आधी त्याला कोणी विचारले नव्हते.

म्हणून तू पाहा. सुईनंतर जेवण लांबले आणि तिला जांभया आल्या, घाम सुटला, विनाकारण राग आला, तर लगेच साखर दे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नकोस, डॉक्टरांना बोलाव. त्यांना रिकाम्या ताटाचे खरे सांग. उपास मोडल्याचे पाप माझ्या नावावर. सुई मात्र बंद होता कामा नये. सुईशिवाय ती जगणार नाही.

माझ्यावरची माया या पत्रामुळे कमी न व्हावी.

तुझा,
कृष्णकांत

महाल, नागपूर
श्रावण वद्य ११, बुधवार

चि. कृष्णकांतास आजीचे आशीर्वाद, वि. वि.

तुझी तार शुक्रवारी सकाळीच आली. तार म्हणजे कोणीतरी गेलं, हे मी या घरात दोनदा पाह्यलं. देवीच्या दिवशी सुतकाची बातमी नको म्हणून न फोडताच देवघरात ठेवली, अन् दवाखान्यात गेली.

चार म्हणाले होते, आठ आले. वच्छला थरथरू लागली तसे एकेकानं प्रश्न विचारणं सुरू केलं. कोणाची म्हैस हरवली, कोणाले लेकरू नाही. माझ्या पदरात गूळ होता, पण विहीणबाईनं हात धरला. म्हणे नैवेद्य दिला की देवी निघून जाते, माझ्या पोराचं विचारायचं राहिलं आहे. पोरगी भूक भूक करून राहिली होती गा, अन् मी थांबली. मंग तिचे दात बसले, अंग ताणलं, अन् ती खाटेखाली आली. डॉक्टरांनी शिरेतून साखरेचं पाणी दिलं. संध्याकाळी डोळे उघडले, मले ओळखलं. पण उजव्या हातात अजून वाटी धरता येत नाही. येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

शनिवारी तुझं पत्र आलं. डॉक्टरांले ताटाचं सांगितलं. ते न रागावता सुईचं माप कागदावर नव्यानं लिहू लागले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पण कालची गोष्ट ऐक. सुई झाली होती अन् पावसापायी जेवण यायचं होतं. वच्छलेनं जांभई दिली, अन् मले म्हणाली की बुढे, तुझं तोंड पाहून कंटाळा आला, घरी जा. सोळा वर्षांत ही मले उलटून बोलली नव्हती. मले तर आनंदच झाला. कपाळाले हात लावला, घाम फुटून राहिला होता. साखर तोंडात घातली. थरथर सुटायच्या आत पोरगी जागेवर आली, अन् बुढी म्हटलं म्हणून रडत बसली.

तेवढ्यात व्याही-विहीण आले. म्हणे सुनेले आजच नेतो, देवीसाठी जागा सारवून ठेवली. फक्त देवीच्या अंगाले सुई टोचायची नाही, विटाळ होते. नवऱ्याच्या घरी जायले मिळते म्हणून वच्छला डाव्या हातानं केस सारखे करू लागली. मले गप्प राहता आलं असतं. पण सुईशिवाय काय होते, ते तू लिहिलं होतं. मी सांगून टाकलं की ती देवी नव्हती, उपाशी पोरगी होती, अन् उपाशी मी ठेवली होती.

विहीणबाईनं आणलेली ओटी परत पिशवीत घातली. चंपतराव म्हणाले की मंग आमचं पयलंच बोलणं कायम.

कालपासून वच्छला माझ्याशी बोलत नाही. जेवते मात्र, डाव्या हातानं. आता हा राग तिचा की साखरेचा, मले कळत नाही. म्हणून दर घडीले कपाळाले हात लावते, अन् ती तो झटकते.

तू तरी राग धरू नको. माया असू दे.

तुझी आजी,
प्रयागबाई

ता. क. तिच्या अंगावरचे त्यांचे दागिने अन् पायातली जोडवी न्यायले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, 'रोगराई घेऊन जा गे मारबत' ओरडत मिरवणूक निघते तेव्हा येतो म्हणाले.